ठेंगणी आणि डावरी

दि. ४ ऑगस्ट

ती. दादास,
भुंगीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटाला डिझेलचा वास येत होता, म्हणजे नावाड्यानं टपालाची पिशवी पुन्हा इंजिनाशेजारी टाकलेली दिसते. बेटावरच्या हवामान केंद्रात तुम्ही तिघंच राहता आणि त्यातला एक जण रात्रभर घोरतो, हे वाचून वहिनी खूप हसली. घोरणारा कोण हे बाकीच्या दोघांना विचारून कळव म्हणाली.

हाताची चौकशी केली होतीस. हात बरा आहे. जखम पूर्ण भरली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरापासून नाही, त्याला आता काही इलाज नाही. गार पाण्यात हात घातला की नसलेल्या टोकांना झिणझिण्या येतात, एवढंच. छापखान्यात मी परत रुजू झाले, आणि तेही त्याच कागद कापायच्या मशीनवर. मॅनेजर मला हिशेबाच्या टेबलाशी बसवायला निघाले होते. मी सांगितलं की मशीनला आता जाळी बसवलीय, आणि एवढी वर्षं रिमंच्या रिमं मी कापलीत, तर हे काम सोडून मी कुठंही जाणार नाही. पहिल्या दिवशी पातं खाली आलं तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. दुसऱ्या दिवशी एकच लपवला. आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरूनही जाते.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी मी माझी बेस गिटार पेटीतून बाहेर काढली. तू मला भुंगी म्हणायला लागलास ते हिच्यामुळेच, कारण बंद दाराआडून तुला म्हणे फक्त घूं घूं ऐकू यायचं. तुला गाण्यातलं फारसं कळत नाही, म्हणून सोपं करून सांगते. गिटारीच्या मानेवर डाव्या हाताच्या चार बोटांनी तारा दाबायच्या आणि उजव्या हातानं त्या छेडायच्या. बेसची मान लांब, तारा जाड, आणि खालच्या सुरांचे पडदे एकमेकांपासून इतके दूर की चारही बोटं ताणावी लागतात. माझ्याकडे त्या हाताला आता दोनच धड बोटं. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जायला अख्खा हात उचलून न्यावा लागतो. तोवर गाणं पुढे निघून जातं. एक गाणं वाजवलं आणि मनगट भरून आलं. गिटार उलटी धरून, तारा उलट लावूनही पाहिलं. तिची बटणं डाव्या कोपराला टोचतात आणि खाली वाकलेला भाग नको तिथं येतो. ती काही जमायची नाही.

म्हणून वाद्यांच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाई जुनी गिटार घेऊन तिच्या बदल्यात दुसरी द्यायला तयार आहेत. पण बदल्यात एकच मिळणार, आणि नंतर कुरकुर चालणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. माझ्या उपयोगाच्या दोनच आहेत. पहिलीला मी ठेंगणी म्हणते. फिकट हिरवी, हलकी, मान आखूड. पडदे इतके जवळजवळ की दोन बोटांनीही बरंच काही साधतं. दुसरी डावरी. डावखुऱ्या माणसांसाठी केलेली, पूर्ण लांबीची, गडद तपकिरी, वजनानं पाटा. तिच्यात सगळं उलटं. तारा दाबायच्या उजव्या हातानं, छेडायच्या डाव्यानं. छेडायला दोन बोटं पुरतात, आणि माझा उजवा हात शाबूत आहे. फक्त एवढ्या वर्षांत बोटांत जे बसलंय ते सगळं पुसून पाटी कोरी करायची. ती डावरी भिंतीवर कित्येक वर्षं धूळ खात लटकलेली आहे. बाई ती खपवायला टपल्यात, त्यामुळे त्यांनी तिची केलेली स्तुती मी अर्धीच धरते.

नोव्हेंबरात वाचनालयाचं नवं सभागृह उघडतंय आणि आमच्या चौघांचा कार्यक्रम ठरलाय. दातांचे डॉक्टर गिटारवर, शाळेतल्या बाई गाणार, आपला बेकरीवाला ढब्बू ड्रमवर आणि बेसवर मी. ठेंगणी घेतली तर मी त्या दिवशी स्टेजवर असेन. डावरी घेतली तर नसेन. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही. ठरवणार मीच आहे, पण तुझं मत वाचल्याशिवाय नाही.

तब्येतीला जप, भिजू नकोस. माया आहे ती राहू दे.

तुझी,
भुंगी


दि. १५ ऑगस्ट

चि. भुंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मशीनवर परत उभी राहिलीस हे वाचून छाती भरून आली आणि धडकीही भरली. इथला फोन फक्त हवामानाचे आकडे कळवायला आहे, नाहीतर त्याच क्षणी तुला दोन शब्द सुनावले असते. तसं फोनवर तू मला बोलू कुठं देतेस म्हणा. पत्रात निदान माझं म्हणणं शेवटपर्यंत जातं.

इकडचं ठीक. स्वयंपाक्यानं भात करपवायचं सोडून आता डाळ करपवायला घेतली आहे. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र परवाच्या वादळात एका बाजूला कललं, ते शिडीवर चढून मी सरळ केलं. वहिनीला शिडीचं सांगू नकोस. आणि घोरणारा मी नाही, मुख्य निरीक्षक साहेब आहेत, पण ते साहेब असल्यामुळे ठरावानं ते घोरणं माझ्या नावावर जमा झालंय.

तुझ्या दोन्ही गिटारींचं वर्णन मी दोनदा वाचलं. मला गाण्यातलं कळत नाही हे तू न चुकता प्रत्येक पत्रात लिहितेस, तरी तुझ्यातलं थोडंफार कळतं. भुंगे, ठेंगणी घे. तू आधीच पुष्कळ सोसलंयस. आता आणखी नव्यानं धुळाक्षरं गिरवत बसायचं, सगळे पुढे गेलेले बघायचे आणि तू दाराशी उभी, हे कशासाठी? ठेंगणीवर तुला उद्या वाजवता येतंय. नोव्हेंबरात तुझ्या माणसांत तुझ्या जागेवर तू असशील. जे हाताशी आहे ते घ्यावं आणि पुढे चालावं. दोन बोटांत जेवढं बसेल तेवढं वाजव, लोकांना काही कळत नाही. मला तर मुळीच कळणार नाही.

तू विचार करकरून डोकं शिणवशील आणि तोवर ती हिरवी दुसरंच कुणी उचलून नेईल, म्हणून मी एक काम उरकून टाकलं. दुकानाचा पत्ता तुझ्या पाकिटातल्या कार्डावर होता. बाईंना सरळ पत्र टाकलं, सोबत थोडा बयाणा पाठवला आणि ठेंगणी तुझ्या नावावर ठेवायला सांगितलं. आता तू नुसतं जायचं आणि घेऊन यायचं. रागावू नकोस. थोरल्या भावाला एवढी मुभा असते.

वहिनीला सांग, लोकरीचे मोजे पोचले, पण दोन्ही एकाच पायाचे आहेत. सगळ्यांवर लक्ष ठेव, आणि या म्हाताऱ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. २९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला मिळायच्या आधी तुझं बाईंना लिहिलेलं पत्र त्यांना मिळालं. शनिवारी अर्धी रजा टाकून मी दुकानात गेले, दोन्ही गिटारी शांतपणे वाजवून बघायला. बघते तर ठेंगणीच्या मानेला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर माझं नाव. मला वाटलं दुसरीच कुणीतरी त्याच नावाची असेल. बाईंनी तुझं पत्र पुढे केलं तेव्हा कानशिलं तापली. दुकानात डॉक्टरही होते, त्यांना तारा हव्या होत्या. त्यांच्यासमोर मला काही बोलता आलं नाही. आता बोलते.

हाताला झालं त्या दिवसापासून जो तो माझ्यासाठी ठरवतोय. दवाखान्यात फॉर्मवर सही वहिनीनं केली, ते मी समजू शकते, मी शुद्धीवर नव्हते. मग मॅनेजरनी टेबल ठरवलं. चुलत घराण्यातल्या बायकांनी मी आता गाणंबजावणं सोडणार असं ठरवून टाकलं. या सगळ्यांत तू एकटा होतास जो विचारायचास. आता तूही विचारलं नाहीस. दादा, मला तुझं मत हवं होतं. ते तू दिलंस, आणि चांगल्या मनानं दिलंस. त्याच्यावर कुलूप का घातलंस?

असो. त्या दुपारी काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं तुला कळेल.

चिठ्ठी सोडली आणि आधी ठेंगणीच घेतली. स्टुलावर बसले आणि आमच्या कार्यक्रमातलं दुसरं गाणं वाजवलं. जमलं. खरंच जमलं. काही सूर गाळले, काही जागा सोप्या करून घेतल्या, पण गाणं शेवटपर्यंत गेलं. इतक्या महिन्यांनी छातीत ती घुमघुम आली आणि माझे डोळे भरले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. आणि डॉक्टर जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाले, “हाताच्या मानानं फार छान.”

ते बोलले ते मायेनं. त्या माणसानं मी दवाखान्यात असताना रोज संध्याकाळी येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवलंय. पण ते वाक्य ऐकलं आणि मला ठेंगणीवरचा माझा सगळा पुढचा रस्ता दिसला. महिन्याभरात मी तिच्यावर जेवढी पोचणार तेवढी पोचेन. मग थांबेन. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कुणीही माझं वाजवणं ऐकून आधी माझ्या हाताकडे बघेल आणि मग छान म्हणेल. सूर गाळायचे आणि कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून खूश व्हायचं. तू लिहिलंसच ना, लोकांना काही कळत नाही म्हणून? मला कळतं, दादा.

मग डावरी मागितली. बाईंना ती उतरवायला स्टूल लागलं. अंगावर घेतली तर पट्टा चुकीच्या खांद्यावर, मान चुकीच्या दिशेला, आपल्याच घरात कुणी सगळं फर्निचर फिरवून ठेवल्यासारखं. एक सूर धड निघाला नाही. डावा हात भलत्याच तारेवर जायचा, उजवा हात तारेखाली दगडासारखा पडून राहायचा. मघाशी वळून बघणारी गिऱ्हाइकं हळूच बाहेर पडली. डॉक्टरही खिडकीबाहेर बघायला लागले. पण त्या उजव्या हाताची चारही बोटं मी पडद्यांवर ठेवली आणि ताणून पाहिली. पुरली. सगळीकडे पुरली. त्या बोटांना काही येत नव्हतं, पण ती होती. जे येत नाही ते शिकता येतं.

बाईंना म्हटलं, डावरी बांधून द्या. त्यांनी विचारलं, खात्री आहे ना, कारण जुनी परत मिळणार नाही. म्हटलं, आहे. जुनी काउंटरवर ठेवली आणि मागे न बघता निघाले. बघितलं असतं तर पाय अडखळला असता.

कार्यक्रमासाठी दुसरा बेसवाला शोधा, असं त्याच संध्याकाळी मी तिघांना सांगून आले. ढब्बू पीठ मळत राहिला. शाळेतल्या बाई रडल्या. तुझा बयाणा परत घेऊन वहिनीकडे दिलाय.

मी रागावलेय. राग उतरेल तेव्हा कळवीन. तोवरही तू माझा दादाच आहेस, तेवढं खात्रीनं धरून चाल.

भुंगी


दि. ३ ऑक्टोबर

अहो,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

मोजे एकाच पायाचे नाहीत. मोज्यांना डावा-उजवा नसतो. या घरात सध्या डाव्या-उजव्याचा एवढा गोंधळ चाललाय, त्यात तुमची भर नको.

महिना झाला, भुंगीला तुमचं पत्र नाही. मला दोन ओळी येतात, त्यात वाऱ्याची दिशा असते. रुसून बसला असाल तर ते पुरे झालं. चूक तुमची आहे, आणि हे तुम्हालाही कळलंय म्हणूनच लिहायला जड जातंय. नवऱ्याला एवढं ओळखत नसते तर इतकी वर्षं बोटीवरून येणारे कपडे धुतले नसते.

इथलं सांगते. ती माझ्या डोक्यावरच्याच खोलीत राहते, त्यामुळे मला न विचारता सगळं ऐकू येतं. पहिले दोन आठवडे वरून नुसतं घण घण यायचं, जसं कुणी रिकामा पिंप ढकलतंय. एकच ओळ, तीच, पुन्हा तीच. औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या मोजताना माझ्या तोंडात ती ओळ यायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्या शिंपीकाकांनी खिडकीतून विचारलं की तुमच्याकडे पाइपाचं काम कधी संपणार. भुंगीनं त्यांना खाली जाऊन सांगितलं की अजून बराच काळ चालेल, तेव्हा दुपारी झोपायची वेळ कळवा, तेवढी सोडून वाजवीन. आता दोघांचं छान जमलंय. झोप झाली की काकाच भिंतीवर ठोकून सांगतात.

दात ती उजव्या हातानं घासत नाही, डाव्यानं घासते. कुलूप, चमचा, कंगवा, सगळं उलट्या हातानं. म्हणते, दोन्ही हातांना कळू दे की आता कामं बदललीयत. परवा आमटीचं भांडं असंच उलट्या हातानं उचललं आणि सगळी आमटी ओट्यावर. तिनंच पुसलं आणि पुन्हा त्याच हातानं उचललं.

एकदा मात्र मोडली होती. गेल्या मंगळवारी कामावरून आली, गिटार पेटीत घातली, पेटी उचलली आणि जिना उतरून दारात आली. मी विचारलं, कुठं. म्हणाली, दुकानात, बदलून आणते. ठेंगणी अजून तिथंच आहे म्हणे. माझी फार इच्छा झाली हो म्हणायची. तिचे डोळे बघवत नव्हते. पण मी तुमच्यावरून शहाणी झालेय, मी तिचं काही ठरवलं नाही. एवढंच म्हटलं की चहा घेऊन जा. ती पायरीवर बसली. चहा प्यायली. मग बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसून होती. मला म्हणाली, “वहिनी, आज मी चुकून एक ओळ बरोबर वाजवली, आणि ती परत येईना. म्हणून राग आला.” मग स्वतःच उठली आणि वर गेली. त्या संध्याकाळी वरून आवाज आला तो मी आतापर्यंत ऐकलेल्यातला सगळ्यात वाईट होता, पण मला तो ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तेव्हा आता कागद घ्या आणि तिला लिहा. मोठेपणा बाजूला ठेवून लिहा. मुख्य निरीक्षकांना माझा नमस्कार सांगा, आणि घोरण्याचं खरं काय ते मला माहीत आहे.

वाट बघणारी,
तुमचीच


दि. १७ ऑक्टोबर

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाचता येतंय का? हे मी डाव्या हातानं लिहितो आहे. सकाळचे आकडे कळवून बसलो, आता जेवणाची घंटा झाली. एवढ्याच ओळी झाल्या. हात दुखतो. शाई सगळी तळव्याला.

आता उजव्या हातानं लिहितो, नाहीतर टपालाची नाव सुटेल. हे मी तुझी नक्कल म्हणून केलं नाही. वहिनीचं पत्र आलं, ते वाचून मी पेन दुसऱ्या हातात धरून बघितलं. वाटलं, हात तर हातच आहे, एवढं काय अवघड असणार. ‘अ’ काढताना माझी जीभ बाहेर आली. मग हट्टानं आठवडाभर हवामानाच्या नोंदवहीतले वाऱ्याचे आकडे डाव्या हातानं भरले. मुख्य कार्यालयानं विचारलंय की नवीन कारकून केव्हा नेमला आणि तो किती शिकलेला आहे. साहेबांनी माझी बाजू घेतली. घोरणं माझ्या नावावर घालतात त्याची त्यांनी फेड केली म्हण.

भुंगे, मी तुझ्यावर रुसलो नव्हतो. काय लिहावं ते सुचत नव्हतं. छापखान्यातून तुझ्या अपघाताचा निरोप आला त्या दिवशी समुद्र खवळला होता. नावाडी नाव सोडायला तयार नव्हता, आणि वाऱ्याचे आकडे मीच लिहीत असल्यामुळे तो बरोबर आहे हे मला त्याच्याहून जास्त माहीत होतं. तू दवाखान्यात होतीस आणि मी खिडकीशी बसून वारा किती आहे ते लिहीत होतो. तेव्हापासून मला एकच वाटतंय, की हे सगळं लवकर मिटावं. तू परत होतीस तशी व्हावीस आणि मला इथं निवांत झोप लागावी. ठेंगणी मला माझ्यासाठी हवी होती. तुझ्या नावाची चिठ्ठी बांधायला सांगितली, ती खरं तर माझ्या काळजीला बांधली होती. ते चुकलं.

तरी माझं मत बदललेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मला अजून वाटतं की तू अवघड वाट धरलीस. पण वाट तुझी आहे, आणि तू ती धरलीच आहेस, तर त्याच वाटेनं शेवटपर्यंत जा. मध्येच माझ्या पत्रामुळे वळलीस तर मला आवडणार नाही.

कार्यक्रमाला जाणार आहेस का? नाही गेलीस तरी कुणी बोलणार नाही. गेलीस तर काय वाटलं ते लिही. राग उतरला असेल तर तेही कळव. नसेल उतरला तर थोडा शिल्लक ठेव, सुट्टीत येईन तेव्हा समोरासमोर काढ.

डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी आशीर्वाद.

दादा


दि. २१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

राग उतरला. तुझ्या त्या पहिल्या चार ओळी मी आणि वहिनीनं भिंगानं वाचल्या. ‘जेवणाची’मधला ‘ज’ तर उताण्या पडलेल्या झुरळासारखा दिसतो. शिंपीकाकांना दाखवलं, ते म्हणाले हा माणूस औषधं लिहून देतो का.

कार्यक्रमाला गेले. वहिनी म्हणाली होती की मागे बसू, म्हणजे वाटलं तर उठून जाता येईल. मी म्हटलं, मग पुढेच बसू. सभागृह सुरेख झालंय. नव्या खुर्च्यांना अजून रंगाचा वास येतो आणि स्टेजच्या फळ्या इतक्या कोऱ्या की ढब्बूच्या ड्रमचे पाय घसरत होते.

माझ्या जागी एक विमा कंपनीतले गृहस्थ वाजवायला आलेत. दादा, मला त्यांचा राग यावा अशी माझी फार इच्छा होती. पण माणूस साधा, येऊन मला नमस्कार करून गेला, आणि वाजवतो चांगलं. तिसऱ्या गाण्यात जी ओळ मी स्वतः बसवली होती, ती त्यांनी मान खाली घालून, एकही सूर न गाळता वाजवली. माझी उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती आणि दोनदा मागे पडली. पहिल्या दोन गाण्यांना मी टाळ्या वाजवल्या नाहीत. जमलं नाही. वहिनीनं माझ्याकडे बघितलंही नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिसऱ्याला मात्र वाजवल्या, कारण ते चांगलं झालं होतं आणि ते माझं होतं.

नंतर मागच्या खोलीत गेले. सगळे घामाघूम आणि खुशीत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की ती हिरवी गिटार दुकानात अजून आहे, त्यांनी चौकशी केलीय, आपण सगळे मिळून घेऊ, पुढच्या महिन्यात आणखी एक ठिकाण मिळतंय, तू ये. गाणाऱ्या बाईंनीही माझा हात धरला. तुझ्याशिवाय रंगत नाही म्हणाल्या. विमावाले गृहस्थ तारा पुसण्याचं निमित्त करून कोपऱ्यात गेले. खरं सांगते, त्या क्षणी हो म्हणणं फार सोपं होतं. अख्खी खोली माझ्या होकाराची वाट बघत होती.

मी म्हटलं, “येईन. पण येईन तेव्हा डावरी घेऊन येईन.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. किती दिवस लागतील ते त्यांनी विचारलं. म्हटलं, ठाऊक नाही, लागतील तेवढे. ढब्बू इतका वेळ ड्रमचे स्क्रू सैल करत होता. तो न बघताच म्हणाला की मग तोवर तालमीच्या खोलीची किल्ली घेऊन ठेव, घरी शेजाऱ्याला त्रास नको. मला ती किल्ली घेताना जितका आनंद झाला, तेवढा त्या खोलीतल्या सगळ्या प्रेमानं झाला नव्हता.

घरी येऊन रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. मग वाजवलं.

शिडीवर चढतोस हे वहिनीला कळलंय. मी सांगितलं नाही, तुझ्या पत्राची घडी उलटी पडली होती. सुट्टी कधी ते कळव. तुझ्यावर जीव आहे आणि तो राहणारच.

तुझी,
भुंगी


दि. ९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सुट्टी संपवून गेलास आणि घर एकदम रिकामं झालं. वर माझ्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसायचास ना, ती वहिनीनं अजून उचललेली नाही. तू डोळे मिटून ऐकायचास तेव्हा मला वाटायचं तुला काहीतरी कळतंय. मग तू घोरायला लागायचास. मुख्य निरीक्षक साहेबांची मी मनोमन माफी मागितली.

काल मी तालमीला गेले. ठरवलं होतं की एक अख्खं गाणं, सावकाश का होईना, एकही सूर न गाळता, मनात न मोजता वाजवता आलं की जायचं. परवा आलं. दोनदा आलं, म्हणून चुकून आलं नव्हतं. संथ गाणं आहे, बाई सुरुवातीला नुसतं गुणगुणतात ते. तेवढं एकच. बाकीची अजून विमावाल्यांकडेच राहतील, आणि मला ते मान्य आहे.

पेटी उघडली तेव्हा सगळे एकदम फार चांगले वागायला लागले. डॉक्टरांनी पंखा माझ्याकडे वळवला. विमावाल्यांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. बाईंनी विचारलं की आधी जरा बसतेस का, पाणी हवं का. मला वाटलं, झालं, आता हे माझं कौतुक करणार. पट्टा उजव्या खांद्यावर घातला आणि सुरू केलं.

सुरुवात बरी झाली. बाईंचा आवाज वर तरंगायला लागला आणि त्याच्या खालून माझा सूर निघाला, जाड, गोल, जमिनीतून आल्यासारखा. तो मी एवढ्या महिन्यांत एकटीनं ऐकला होता. चौघांत ऐकला आणि अंगावर काटा आला. त्या आनंदात मी जरा रेंगाळले असेन. कारण मधल्या वळणाला ढब्बूनं एकदम ड्रम थांबवले, काठी माझ्याकडे रोखली आणि म्हणाला, “भुंगे, मागे पडतेयस. परत घे.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं की आता भांडण होणार. ढब्बूनं काही लक्ष दिलं नाही, तो ताल मोजायलाही लागला. मी परत घेतलं. पुन्हा तिथंच मागे पडले. त्यानं पुन्हा थांबवलं. कान कुठं गहाण टाकलेत म्हणून विचारलं. तिसऱ्या वेळी मीही चिडले आणि म्हटलं की तूच वळणावर घाई करतोयस. मग बाई माझ्या बाजूनं झाल्या, डॉक्टर ढब्बूच्या, आणि विमावाल्यांनी हळूच सांगितलं की घाई तो करतोच, पण मागे मी पडतेच. अशी आमची चांगली अर्धा तास जुंपली. गाणं शेवटपर्यंत एकदाही गेलं नाही. चहा ओतला तोवर गार झाला होता.

निघताना ढब्बूनं बजावलं की ते वळण पक्कं करून ये, नाहीतर गुरुवारी माझा वेळ फुकट घालवू नकोस. बेकरी सांभाळून येतो तो, खरंच आहे त्याचं.

घरी आले तर वहिनी जिन्यातच उभी. कसं झालं, काय म्हणाले सगळे, म्हणून एका दमात विचारलं. मी सांगितलं की शिव्या खाल्ल्या. ती घाबरली. मग माझा चेहरा बघून तिला काय कळलं कोण जाणे, तिनं मला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी तिथंच जिन्यात वेड्यासारख्या हसत बसलो.

आज कामावरून आल्यापासून तेच वळण घेतेय. ढब्बू घाई करतोच, पण मी मागे पडते हे खरं आहे. चौथ्या बोटाचं काम आहे, ते उशिरा उठतं. गुरुवारपर्यंत त्याला वेळेवर उठवीन. तेव्हा इथंच थांबते, शिंपीकाकांची झोप झालीय, त्यांनी भिंतीवर ठोकलं.

पत्र लहान झालं तरी लोभ कमी धरू नकोस.

तुझी,
भुंगी